रिकर्सिव्ह ट्रिगर्स ऑफ, तरीही एरर २१७

ऑर्डरमधली संख्या बदलून सेव्ह केलं की एरर २१७ यायची: नेस्टिंगची, म्हणजे एकातून दुसरं चालण्याची, ३२ पातळ्यांची मर्यादा ओलांडली. त्यासरशी आमचा डेटाबेस, एसक्यूएल सर्व्हर, अख्खं ट्रान्झॅक्शन रोलबॅक करायचा, म्हणजे केलेले सगळे बदल मागे घ्यायचा. सकाळपासून एकही ऑर्डर दुरुस्त होत नव्हती.

ट्रिगर म्हणजे टेबलात बदल झाला की आपोआप चालणारा कोड. मी आधी डेटाबेसचा 'रिकर्सिव्ह ट्रिगर्स' हा पर्याय पाहिला. ऑफ होता, मुळात तो ऑफच असतो. त्यामुळे ट्रिगरवरचा संशय टीमने सोडून दिला आणि तिथेच वेळ गेला. हा पर्याय फक्त थेट रिकर्शन अडवतो, म्हणजे ट्रिगरने आपल्याच टेबलात लिहिलं तर तो पुन्हा चालत नाही. अ टेबलाच्या ट्रिगरने ब मध्ये लिहिलं आणि ब च्या ट्रिगरने परत अ मध्ये, तर त्याला काही अटकाव नाही. ते 'नेस्टेड ट्रिगर्स' या सर्व्हर पातळीच्या सेटिंगवर चालतं आणि ते मुळात ऑन असतं. ते बंद केलं तर त्या सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसमधले, ट्रिगरमधून चालणारे ऑडिटचे ट्रिगरही गप्प होतात. म्हणून त्याला हात लावला नाही.

साखळी पाहण्यासाठी ऑर्डर आणि डिटेल (ऑर्डरमधल्या वस्तूंच्या ओळी) या दोन्ही टेबलांच्या ट्रिगरमध्ये नाव आणि पातळी प्रिंट केली. लॉग टेबलात लिहून उपयोग नव्हता, रोलबॅकमध्ये त्या नोंदीही पुसल्या जातात. प्रिंटचा मजकूर मात्र उरतो. टेस्ट डेटाबेसवर एक संख्या बदलली आणि विंडोत ओळी आल्या: डिटेल १, ऑर्डर २, डिटेल ३, ऑर्डर ४, असं थेट वरपर्यंत. डिटेलचा ट्रिगर ऑर्डरची एकूण रक्कम काढत होता. ऑर्डरचा ट्रिगर आदल्या रात्रीच्या रिलीजमध्ये आला होता. गोदामाच्या एक्स्पोर्टसाठी तो डिटेलच्या ओळींवर बदलाची वेळ टाकत होता.

घाईत डिटेलच्या ट्रिगरमध्ये एक ओळ घातली गेली: ट्रिगर नेस्टलेव्हल (साखळीतली पातळी सांगणारं फंक्शन) १ पेक्षा जास्त असेल तर परत फीर. एरर थांबली. पण दुपारी रकमा जुळेनात. परताव्याच्या टेबलाचा स्वतःचा ट्रिगर डिटेलमधली संख्या कमी करतो. म्हणजे डिटेलचा ट्रिगर तिथे दुसऱ्या पातळीवर चालतो, आणि नव्या ओळीने तो काहीच न करता परत फिरत होता. २५० दराची संख्या १० वरून ७ झाली, तरी ऑर्डरवर १७५० ऐवजी २५०० च. कुठे एरर नाही, कुठे नोंद नाही. माझ्या मते २१७ पेक्षा हा बिघाड कितीतरी वाईट. त्या फंक्शनला ट्रिगरचा आयडी दिला नाही, तर ते साखळीतले सगळेच ट्रिगर मोजतं.

ती ओळ काढली आणि ऑर्डरच्या अपडेटला अट घातली: रक्कम खरोखर वेगळी असेल तरच लिही. पुन्हा २१७! एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रिगर ओळीमागे नव्हे, स्टेटमेंटमागे (एका आदेशामागे एकदा) चालतो. शून्य ओळी बदलल्या तरीही चालतो. ट्रिगरला बदलानंतरच्या ओळी इन्सर्टेड टेबलात मिळतात; त्या रिकाम्या टेबलावर दोन्ही ट्रिगर एकमेकांना बोलावत राहिले. 'अपडेट' फंक्शनही इथे कामाचं नाही. कॉलम सेट यादीत आला एवढंच ते सांगतं, मूल्य तेच असलं तरी.

शेवटी डिटेलच्या ट्रिगरच्या पहिल्याच ओळीत तपासणी आली: इन्सर्टेड आणि डिलीटेड (बदलाआधीच्या ओळी) दोन्ही रिकामी असतील तर परत. फक्त इन्सर्टेड पाहिलं असतं, तर ओळ डिलीट झाल्यावर रक्कम बदललीच नसती. त्यानंतर दोन्ही टेबलं कीवर फुल जॉइन करून (ओळख-कॉलमवर जोड्या लावून, एकाच बाजूला असलेल्या ओळीही ठेवून) संख्या किंवा दर बदललाय का ते पाहायचं. नुसती वेळ बदलली असेल तर तिथेच थांबायचं. बदल असेल तर दोन्ही टेबलांतल्या सगळ्या ऑर्डर धरायच्या, कारण एकाच स्टेटमेंटमध्ये अनेक ऑर्डरच्या ओळी येऊ शकतात. ऑर्डरच्या अपडेटमधली रकमेची तुलना साध्या 'वेगळं आहे का' चिन्हाने केली की नव्या ऑर्डरची रक्कम नलच (मूल्यच नसलेली) राहते, कारण नलशी तुलना कधी खरी ठरत नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या २०२२ च्या आवृत्तीत नललाही धरून तुलना करणारं 'इज डिस्टिंक्ट फ्रॉम' आहे. त्याआधीच्यांत 'एक्झिस्ट्स' आणि 'एक्सेप्ट' जोडून भागवावं लागतं.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर हे निराळं दिसलं असतं. तिथे ओळीमागे चालणारा ट्रिगर शून्य ओळींवर चालतच नाही, आणि जुन्या-नव्या मूल्यांची तुलना ट्रिगरच्या 'व्हेन' अटीतच लिहिता येते.

दुरुस्ती चार गोष्टींवर चालवून पाहिली: अनेक ऑर्डरच्या ओळी एकाच अपडेटमध्ये, संख्या तीच ठेवून केलेलं अपडेट, शेवटची ओळ डिलीट, आणि परतावा. चुकलेल्या ऑर्डर डिटेलची बेरीज आणि ऑर्डरची रक्कम ताडून शोधल्या आणि परत मोजल्या. पुढच्या रिलीजमध्ये ऑर्डरचा तो ट्रिगर आम्ही काढूनच टाकला. बदलाची वेळ ऑर्डरवर होतीच, एक्स्पोर्टच्या क्वेरीत एक जॉइन पुरला.