वाड्यावर लस टोचायला निघताना

धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारे तळ, दिवाळीनंतर बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर सांगोला, मंगळवेढा, माळशिरसच्या माळावर परततात. सोलापुरातून सुट्टीच्या दिवशी सेवा द्यायला जायचं तर हाच काळ धरा. पहिल्या पावसाचं कोवळं गवत मेंढरं अधाशासारखी खातात आणि रात्री धडधाकट असलेलं कोकरू सकाळी वाघरीत, म्हणजे जाळीच्या कोंडवाड्यात, मेलेलं सापडतं. तो आंत्रविषार, आतड्यातल्या जिवाणूंच्या विषानं होणारा रोग. त्याची लस गवत उगवायच्या आधी पोटात नव्हे, कातडीखाली गेलेली हवी. पहिल्यांदाच टोचत असाल तर १४ दिवसांनी दुसरा डोस लागतो, म्हणून वाड्याचा पुढचा मुक्काम आणि मोबाईल नंबर त्याच दिवशी लिहून घ्या. हे राहून गेलं की निम्मं काम वाया जातं.

खरी परीक्षा बर्फाच्या डब्याची. सोबत पीपीआर या मेंढ्या-शेळ्यांच्या विषाणूजन्य रोगाची लसही न्यायची असते. दोन्ही लसींना २ ते ८ अंश लागतात, पण त्यांचा स्वभाव उलटा. पीपीआरची लस जिवंत विषाणूची, उन्हानं मरते. आंत्रविषाराची मृत लस गोठली की निकामी होते. म्हणून बर्फाचे पॅक फ्रीझरमधून काढून हलवून बघा, आत पाणी खळखळलं की मगच डब्यात ठेवा आणि आंत्रविषाराची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळा. पीपीआरची लस ज्यात मिसळायची ते द्रावणही गारच हवं. शंभर डोसांची बाटली एकदा मिसळली की दोन तासांत संपवायची, उरलेली टाकून द्यायची. तीनशे मेंढरं असली तरी एका वेळी एकच बाटली फोडा. पीपीआरचा डोस १ मिली, तीन महिन्यांवरच्या जनावराला. जिवंत लस टोचताना सिरिंज स्पिरिटनं पुसू नका, विषाणू तिथेच मरतो. उकळून गार केलेली किंवा नवी कोरी वापरा.

पोचायचं पहाटे, मेंढरं चरायला सुटायच्या आधी. मेच्या अखेरीस सकाळी नऊलाच माळ तापतो आणि दमलेलं जनावर टोचू नये. आधी वाड्यावरच्या बायकांना विचारा, "मावशी, गाभण कुठल्या?" त्यांना एकेक मेंढी ठाऊक असते. गाभण मेंढीला, विशेषतः पहिल्या महिन्यात, अल्बेंडाझोल हे जंतनाशक देऊ नका. फेनबेंडाझोल चालतं.

जंतनाशकाआधी डोळ्याची खालची पापणी ओढून बघा. आत लाल असेल तर बरं. कागदासारखी पांढरी दिसली आणि हनुवटीखाली पाणी साचल्यासारखी मऊ पिशवी लोंबत असेल, तर जंतांनी रक्त पिऊन टाकलंय. डोस कळपातल्या जड मेंढीच्या वजनावर काढा, अंदाजानं कमी दिलं की औषधाला न जुमानणारे जंत उरतात. पाजताना तोंड डोळ्यांच्या रेषेच्या वर उचलू नका, औषध फुप्फुसात जाऊन मेंढी दगावू शकते. दोष मात्र लसीवर येतो, आणि पुढच्या वर्षी तो वाडा तुम्हाला वाघरीपाशी उभं करत नाही.

टोचलेल्या मेंढीच्या पाठीवर खूण करा, पण मालकाच्या रंगाची नको. लसीची तीव्र प्रतिक्रिया आली तर म्हणून अ‍ॅड्रेनालीनचं इंजेक्शन खिशात ठेवा, वापरलेल्या सुया मोजून परत आणा. निघताना १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर मेंढक्याच्या फोनमध्ये स्वतः साठवून द्या.