साडेचार हजार काय? फूट की मीटर?

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी सह्याद्रीतल्या नेच्यांच्या जुन्या हर्बेरियम शीटवरच्या (वाळवलेले नमुने चिकटवलेल्या कागदांवरच्या) नोंदी एक्सेलमध्ये भरत होते. चौथ्या दिवशी सहज उंचीचा रकाना क्रमाने लावला, तर महाबळेश्वरचा एक नेचा ४,५०० मीटरवर! आपलं कळसूबाईच १,६४६ मीटर.

शीट पुन्हा काढली. मॅडमची ताकीद पाठ होती: शीट कधी उलटी करायची नाही, आणि काम झालं की हात धुवायचे, कारण जुन्या नमुन्यांना कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड लावत. नेचा चंदेरी होता. एक पान मुद्दाम पालथं चिकटवलेलं, त्यावरची पांढरी भुकटी अजून शाबूत, आणि भिंगाखाली कडेकडेने बीजाणुधानींची (बीजाणूंच्या बारीक पिशव्यांची) तपकिरी रांग. लेबलवर ४५०० आणि त्यापुढे बारीकशी तिरकी रेघ. ती फुटांची खूण होती. मी शाईचा ठिपका समजून सोडून दिली होती. साडेचार हजार फूट म्हणजे सुमारे १,३७२ मीटर, महाबळेश्वरच्या माथ्याला अगदी जुळणारी उंची.

मग भरलेल्या सगळ्या शीट पहिल्यापासून तपासल्या. डोंगरी नेच्याच्या नोंदीत मला उंची सगळ्यात मोलाची वाटते. दोनेकशे मीटर वर-खाली झालं की धुकं, गारवा, ओल सगळं बदलतं. आता दोन रकाने केले: एकात लेबलवर आहे तसंच, दुसऱ्यात मीटर. नावांचंही तसंच. लेबलवर ‘चेइलँथेस’ हे जुनं शास्त्रीय नाव, नंतर चिकटवलेल्या चिठ्ठीवर त्याच नेच्याचं नवं, ‘अ‍ॅल्युरिटोप्टेरिस’; दोन्ही उतरवली. नुसतं ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’ असेल तिथे महाराष्ट्र लिहायचा मोह टाळला, कारण कारवारही त्यातच होतं.

तारखांनी मात्र घाम काढला. ८-९-१६ म्हणजे ऑगस्ट की सप्टेंबर? संग्राहकाने नमुन्यांना ओळीने दिलेल्या अनुक्रमांकांनी सोडवलं: त्याचे आधीचे-नंतरचे क्रमांक सप्टेंबरचे निघाले.

सात शीटवर उंचीच नव्हती. गावाच्या नावावरून नकाशात आकडा सापडला असता, पण एकाच गावाचा कडा नि दरी यांत केवढा फरक! त्या सात नोंदींत उंचीची जागा रिकामी ठेवली आणि शेऱ्यात लिहिलं, ‘लेबलवर नोंद नाही’.