खानापूर ते बेळगाव, व्हाया बेशामेल

कुकिंग शिकायला लोक पुण्या-मुंबईला जातात, मी खानापूरहून बेळगावला जायचो. सकाळची लाल बस, बहुतेक उभ्यानंच, पिरनवाडी आली की ट्रॅफिक आणि मग टिळकवाडीत उतरून पळत क्लास गाठायचा.

क्लासमध्ये पहिल्यांदा सुरी धरायलाच शिकवलं. ज्युलियन म्हणजे गाजराच्या काडेपेटीच्या काड्यांएवढ्या बारीक काड्या, सगळ्या एका मापाच्या, शेफ खरंच पट्टी लावून बघायचे. मग बेशामेल, म्हणजे लोणी नि मैदा सारखा घेऊन परतायचा आणि दूध थोडं थोडं घालत ढवळत राहायचं, शेफ कन्नडात ‘साकु साकु’, म्हणजे पुरे पुरे, म्हणाले की थांबायचं. सॉस आवडला मला, खोटं कशाला बोलू, खरं ज्या गावात घरोघरी पाहुण्याला कुंदा देतात तिथल्या सिलॅबसमध्ये कुंदा नाही, मांडे तर लांबच राहिले, हे काय पटलं नाही बुवा.

क्लास सुटला की भटकंती. किल्ल्यात १२०४ ची कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, छताला दगडातच कोरलेलं कमळ, मान दुखेपर्यंत बघत बसायचं. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर १९२४ च्या अधिवेशनाला पाणी पुरावं म्हणून खोदलेली, गांधीजी अध्यक्ष होते ते एवढंच अधिवेशन, आणि माझ्या डोक्यात काय तर एवढ्या माणसांना जेवायला चुली किती पेटल्या असतील!

खरा क्लास मात्र बेळगावातल्याच शहापुरात लागला. ओळखीतून एक मावशी मिळाल्या, लग्नाच्या ऑर्डरीचे मांडे करणाऱ्या. पीठ मळून मळून असं सैल नि चिवट करतात की ताणलं तरी फाटत नाही, आत पिठीसाखर, तूप, खसखस, वेलचीचं पुरण. लाटलेली पोळी दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत मोठी करायची, पार कोपरापर्यंत लोंबते, आणि उपड्या तापल्या खापरावर अलगद सोडायची. मी आपला घाईत. “खापर पळून जातंय काय रे, हळू सोड की!” खरं घडी घालताना उलटं, तिथं क्षणभर थांबलात की मांडा कडक होतो नि मोडतो, गरम असतानाच चटके सोसत घालायची. माप विचारलं तर मावशी म्हणाल्या, “हाताला कळतंय.” शेफना हे सांगितलं, ते हसले नि म्हणाले मलापण ने एकदा.

बेळगावला आलात तर कुंदा घ्याच, दूध आटवून केलेला, साखर करपवल्यामुळं तपकिरी झालेला. मांडे न्यायचे असतील तर डबा आडवा धरा नि बसमध्ये मांडीवरच ठेवा, वरच्या रॅकवर ठेवलात तर घरी नुसता चुरा पोचतो. मी रविवारी परत शहापूरला चाललोय, या खेपेला पीठ मळायला मलाच बसवणार म्हणाल्यात मावशी, आणि शेफपण येतायत.