तुम्ही विचारलंत म्हणून: शांत बाळाची आई

हळदीकुंकवाला, बारशाला, एसटीच्या रांगेत, एकच प्रश्न मला ऐकावा लागतो: ‘तुझा मुलगा तान्हेपणी इतका शांत होता, मग त्या दिवसांचा विषय निघाला की तू गप्प का होतेस?’ नऊ वर्षे मी हसून वेळ मारून नेली.

तो शांत होता, कारण तो उपाशी होता.

वेंगुर्ल्याजवळच्या माझ्या माहेरी, ऐन जुलैत माझे बाळंतपण झाले. अळिवाची खीर, तेलपाणी, धुरी हे सारे तुम्हाला ठाऊकच आहे. सहा महिने बाळाला फक्त अंगावर पाजायचे, वरचे दूध द्यायचे नाही, हा निश्चय माझा होता, आणि तो चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही. पडवीतल्या दोरीवरचे लंगोट दोन-दोन दिवस सुकत नसत, म्हणून आई शेगडीवर टोपली पालथी घालून ते वाळवी. दुसऱ्या आठवड्यात बाळ पाच-पाच तास झोपू लागले आणि ओले लंगोट दिवसाला तीनवर आले. दूध पुरत असेल तर पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसातून निदान सहा वेळा शू करते, हे मला सांगितलेले होते. तरीही दोरीवर मोकळी जागा दिसली तेव्हा मला हायसेच वाटले.

चौदाव्या दिवशी यायच्या आशाताई साकव पाण्याखाली गेल्यामुळे एकविसाव्या दिवशी आल्या. बाळाला झोळीत घालून त्यांनी काटा वर धरला. जन्माच्या वेळी २ किलो ९०० ग्रॅम असलेले बाळ २ किलो ६०० ग्रॅम भरले. त्यांनी पुन्हा वजन केले आणि विचारले, ‘ताई, दिवसाला लंगोट किती भिजतात?’ रोज एकेक लंगोट मोजणारी मी म्हणाले, ‘पाच-सहा.’

खरे काय ते मी दुपारी डॉक्टरांसमोर सांगितले. बाळाची स्तनावरची पकडच चुकत होती. मग दर दोन तासांनी त्याला जागे करून पाजायचे आणि वर पिळून काढलेले दूध वाटी-चमच्याने द्यायचे, असे चालले. पंधरवड्यात वजन भरून आले.

बाळंतिणीचे नैराश्य तपासण्यासाठी १९८७ मध्ये तयार झालेल्या एडिंबरा प्रश्नावलीत दहा प्रश्न आहेत. काही बिघडले की तुम्ही विनाकारण स्वतःला दोष दिलात का, असा त्यांतला एक. पुढे ती माझ्याकडून भरून घेतली गेली, तेव्हा मी ‘विनाकारण’ या शब्दाशीच अडले. टाके दुखत होते, रात्रीची झोप नव्हती, घरात सगळेच ‘गुणी बाळ’ म्हणत होते, हे सारे खरे. पण मोजत मी एकटीच होते. आई म्हणते, ‘बाय, तू त्याला जीव लावलास.’ लावलाच होता. खोटे बोलले तेव्हाही तो लावलेलाच होता, आणि हे तिला कसे समजावावे ते मला कळत नाही.

अजूनही तो दुपारी जरा जास्त वेळ झोपला की मी काहीतरी निमित्त काढून त्याला उठवते. तो चिडून ओरडतो, आणि मग मी कामाला लागते.