भाड्याने दिलेला फ्लॅट विकला तेव्हाचा टॅक्स : माझा अनुभव

२०१० मध्ये घेतलेला फ्लॅट ऑक्टोबर २०२४ मध्ये विकला. मधली सगळी वर्षं तो भाड्यानेच दिलेला, त्यामुळे भाड्याचं गणित पाठ झालं होतं, म्हणजे भाड्यातून आपण भरलेली घरपट्टी वजा, उरलेल्यातून सरसकट ३० टक्के वजा, लोन असेल तर व्याज वजा आणि बाकीच्यावर स्लॅबप्रमाणे टॅक्स. सोसायटीचा मेंटेनन्स, रंगकाम, प्लंबर सगळं त्या ३० टक्क्यांतच, वेगळं मागायचं नाही.

विकताना मात्र मी चांगलाच घाबरलो. जुलै २०२४ च्या बजेटमध्ये इंडेक्सेशन (म्हणजे महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरणं) गेलं आणि नफ्यावर १२.५ टक्के टॅक्स आला एवढंच ऐकलं होतं. मला फ्लॅट स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन धरून ३० लाखांना पडला होता, ७२ लाखांना गेला, म्हणजे ४२ लाखांवर सव्वापाच लाख टॅक्स! दोन रात्री झोप नाही. मग सीएने सांगितलं की २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर असेल तर जुन्या पद्धतीने, इंडेक्सेशन लावून २० टक्क्यांनी कमी बसत असेल तर तेवढाच भरायचा. त्याने माझ्यासमोरच कॅल्क्युलेटरवर केलं, ३० लाख गुणिले ३६३ (विक्रीच्या वर्षाचा सरकारी महागाई निर्देशांक) भागिले १६७ (खरेदीच्या वर्षाचा), आले ६५ लाख २१ हजार. नफा उरला पावणेसात लाखांच्या आसपास, टॅक्स १ लाख ३६ हजार, वर सेस. मी ते दोनदा करून बघायला लावलं.

हळहळ एकच. २०१३ मध्ये भिंत घालून एक खोली वाढवली होती, तो खर्चही किमतीत धरता आला असता, पण मिस्त्रीला सगळी कॅश दिलेली, बिल कुठलं असणार.

नफा ठरावीक बॉन्डमध्ये गुंतवून टॅक्स वाचवा असंही बऱ्याच जणांनी सुचवलं, सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवता येतात पण पैसे पाच वर्षं अडकतात. त्यापेक्षा टॅक्स भरून मोकळा झालो.

खरा ताप खरेदीदाराने दिला. किंमत ५० लाखांच्या वर म्हणून त्याने १ टक्का टीडीएस (माझ्या नावाने सरकारला भरायचा टॅक्स) म्हणजे ७२ हजार कापून घेतले आणि तो भरायचा फॉर्म, २६क्यूबी, भरायचं विसरलाच. ३० नोव्हेंबरपर्यंत भरायचं होतं, मी १० जानेवारीला २६एएस (आपल्या नावावर जमा झालेल्या टॅक्सचं ऑनलाइन स्टेटमेंट) उघडलं तर रकाना रिकामा. फोन केला तर म्हणतो भरलं असेल हो माझ्या माणसाने. दुसऱ्या दिवशी कळलं नाहीच भरलेलं, आता रोजचे २०० रुपये लेट फी आणि वर व्याज. खरेदीदार साहेब म्हणाले, "अर्धे तुम्ही द्या ना, तुमच्याच नावावर तर जमा होणार आहे!"

नाही दिले. फेब्रुवारीत ७२ हजार दिसले तेव्हा स्क्रीनशॉट काढून सीएला पाठवला.