तुम्ही विचारलंत म्हणून : लेक म्हणजे डोळे का?

लातूरच्या आमच्या किराणा दुकानात गल्ल्यावर मी बसते. मला दिसत नाही हे नव्या गिऱ्हाइकाच्या लक्षात यायला थोडा वेळ लागतो, आणि एकदा ते लक्षात आले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : “मग लेकच तुमचे डोळे म्हणायची की!” लग्नकार्यात, दवाखान्याच्या बाकावर, एसटीत, हाच प्रश्न मी वीस-पंचवीस वर्षे ऐकत आले आहे. विचारणाऱ्याच्या मनात माया असते, म्हणून मी बहुधा ‘हो’ म्हणून मोकळी होते. तुम्ही मात्र उत्तरासाठी थांबलात, म्हणून खरे ते सांगते. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि इतकी वर्षे दिलेल्या त्या ‘हो’चा भार माझ्या लेकीने वाहिला आहे.

मी जन्मांध नाही. लहानपणी येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, सारे घर शेतात जाई. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होई, मग भज्जी, उंडे आणि आंबील यांचे जेवण, आणि दिवस कलल्यावर परतीची वाट. त्या वाटेवर इतर पोरे पळत पुढे जात आणि मी बांधाला ठेचकाळत राही. घरच्यांनी त्याला रातांधळेपणा म्हटले आणि गाजरे, शेवग्याचा पाला खाऊ घातला. पण माझे दुखणे खाण्यापिण्याचे नव्हते. दृष्टिपटलातल्या, अंधुक उजेडात पाहणाऱ्या पेशी आधी मरतात, म्हणून पहिल्यांदा रात्र जाते; मग बाजूचे दिसणे आकसत आकसत नळीतून पाहावे एवढेच जग उरते आणि पुष्कळांचे शेवटी तेही मिटते. डॉक्टर या आजाराला रेटिनायटिस पिग्मेंटोसा म्हणतात. किल्लारीचा भूकंप झाला त्या 1993 सालच्या उन्हाळ्यात लेक जन्मली. तिचा चेहरा मी त्या नळीतूनच पाहिला, एका वेळी एक तुकडा, आधी हनुवटी, मग कपाळ. ती सात वर्षांची झाली तोवर नळीही बुजली.

पुढे ती माझ्याबरोबर सगळीकडे येऊ लागली. लहान होती तेव्हा माझा हात तिच्या खांद्यावर असे. तिची उंची वाढली तसा तो खाली सरकत तिच्या कोपराच्या जरा वर आला. ती अर्धे पाऊल पुढे आणि मी मागे, म्हणजे पायरी आली की तिच्या दंडावरूनच मला कळावे. (आंधळ्या माणसाचे मनगट धरून त्याला पुढे ढकलणाऱ्या सज्जनांनी एवढे शिकून घेतले तर फार बरे होईल.) वीजबिल, बँकेची पत्रे, माझे तपासणीचे कागद, सगळे तीच वाचून दाखवी. नात्यातल्या बायका तिची अलाबला घेत म्हणत, “आईचे डोळे आहेस गं बाई तू.” मला त्याचा अभिमान वाटे, हे मी लपवत नाही.

2005-06 च्या सुमारास आमच्याकडे भारनियमनाने कहर केला होता. दिवेलागणीला वीज गेली की शेजारपाजारी कंदील, मेणबत्त्या लागत, आणि आमची बारा वर्षांची पोर मात्र कुणाला काही लावू देत नसे. अंधारातच ती माजघरातून परसात जाई, रांजणातून पाणी काढी, परत येऊन बसे. माझ्यासारखे जगून पाहते आहे, असे मला वाटले. मी गिऱ्हाइकांना कौतुकाने ते सांगतही असे.

तिला चोविसावे लागले आणि स्थळे येऊ लागली, तेव्हा एका रात्री तिने मला खरे सांगितले. माझ्या कागदांवर ‘आनुवंशिक’ हा शब्द तिने वाचला होता आणि वाचून दाखवताना गाळला होता. आजाराची सुरुवात रात्रीपासून होते हे तिला माझ्याकडूनच ठाऊक होते. त्यामुळे दर भारनियमनाला ती स्वतःची परीक्षा घेत होती : उंबरा दिसतो का, रांजणाची कड दिसते का, काल दिसली होती तेवढीच आज दिसते का. अशी किती वर्षे काढलीस, असे मी विचारले. तिने सांगितले नाही. मला का बोलली नाहीस, असे विचारल्यावर मात्र म्हणाली, “डोळ्यांनीच भ्यायचं कसं, आई?”

त्या आठवड्यात आम्ही औरंगाबादला जाऊन दृष्टिपटलाच्या डॉक्टरांना भेटलो. त्यांनी कागदावर आमचा वंशवृक्ष काढला. माझ्या वडिलांनी सख्ख्या मामाची मुलगी केली होती, जशी आपल्याकडे सर्रास करतात. दोघांकडेही एकच सदोष जनुक सुप्त होते, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. या आजाराच्या वारशाच्या इतरही तऱ्हा आहेत, पण आमच्या घराचा नकाशा या तऱ्हेचा निघाला. माझे यजमान नात्याबाहेरचे, म्हणून लेकीकडे माझ्याकडून आलेले ते जनुक असणारच, पण बहुधा एकेरी, आणि या तऱ्हेत एकेरी जनुकाने आजार होत नाही. दृष्टिपटल उजेडाला कसा प्रतिसाद देते हे मोजणारी ईआरजी ही तिची चाचणी झाली, तीही निर्दोष आली. इतक्या वर्षांची भीती पाऊण तासात निकालात निघाली. ते पाऊण तास आधीच मिळाले असते, तर तिला अंधारात रांजण शोधावा लागला नसता.

लेक डोळे नाही, तर मग आमचे नाते आहे तरी काय, असे तुम्ही विचाराल. एक उदाहरण देते. जुन्या शंभराच्या आणि पाचशेच्या नोटेत लांबीचा पुरा एक सेंटिमीटर फरक होता, तो बोटांना सहज कळे. नोटबंदीनंतर आलेल्या नोटांत शंभराची 142, दोनशेची 146 आणि पाचशेची 150 मिलिमीटर, म्हणजे एकीपासून दुसरीत अवघ्या चार मिलिमीटरांचा फरक, आणि उठावाच्या खुणा तर हाताळून हाताळून झिजतात. गल्ल्यावर दोनदा फसले. तेव्हा लेक माझ्या शेजारी नोटा ओळखायला बसली नाही. तिने पुठ्ठ्याची एक पट्टी कापली, तिच्यावर तीन खाचा पाडल्या, मला एक दुपारभर सराव करायला लावला, तीनदा चुकले तेव्हा रागावली, आणि दुसऱ्या दिवशी नोकरीवर परभणीला निघून गेली. पट्टी अजून गल्ल्यात आहे. खाचा बोथट झाल्यामुळे तिने ती एकदा बदलून दिली. आता रोज रात्री फोन होतो, तेव्हा आधी तिने तिचे सांगायचे आणि मग माझे विचारायचे, हा नियम मी घातला आहे. तो ती निम्म्या वेळा मोडते.

गेल्या येळवसेला ती जावयांसह आली होती. शेतातून परतताना माझा हात तिच्या कोपराच्या वर होता. बांधाशी आलो तशी ती थांबली, पिशवीत काहीतरी चाचपू लागली आणि बॅटरीचा खटका वाजला.

“अंधार पडला का गं?” मी विचारले.

“पडला की. मला काहीच दिसेना झालंय,” असे म्हणून ती चालू लागली.