ओव्हरक्लॉकिंग: ताणात चालतं, मोकळं असताना पडतं

एएमडीच्या रायझन ७ ५८००एक्स या प्रोसेसरचा वेग वाढवावा की नाही, हा हिशेब कागदावर लगेच सुटतो. वीजखप वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४.६ गिगाहर्ट्झचे ४.८ करायला व्होल्टेज १.२० वरून १.३० न्यावं लागलं, तर वेग ४ टक्के वाढतो आणि वीज २२ टक्के. त्यात आठही कोर साधारण ८१ चौरस मिलिमीटरच्या चिपवर दाटलेले. तिथली उष्णता ओढताना मोठा कूलरही दमतो. म्हणून मी उलट गेलो: बायोसमध्ये पीबीओ (वेग-वीज ठरवणारी सेटिंग) ॲडव्हान्स्ड, पीपीटी म्हणजे प्रोसेसरची वीजमर्यादा १४२ वॅटवरून ११०, आणि प्रत्येक कोरचं व्होल्टेज कमी करणारा कर्व्ह ऑप्टिमायझर निगेटिव्ह. पंखा शांत झाला.

वैताग त्यानंतरचा. सगळे कोर राबवणारी सिनेबेंच चाचणी अर्धा तास बिनतक्रार चालते, आणि नुसता ब्राउझर उघडा ठेवला की मशीन रीस्टार्ट! निपाणी असो की खानापूर, आपला पहिला संशय लाईटवर. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, अचानक बंद पडल्याचा कर्नल-पॉवर ४१ दिसतो, पण लाईट गेली तरी तोच आणि प्रोसेसर कोसळला तरी तोच. एवढ्यावर दुकानात 'एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदला' म्हणतात, याचा मला अजून राग येतो. ४१ वरून काहीही ठरवू नका. मशीन परत सुरू झालं त्या वेळेची डब्ल्यूएचईए-लॉगर १८ ही हार्डवेअर-बिघाडाची नोंद शोधा. ती असेल तर लाईटचा संबंध नाही. त्यातल्या एपीआयसी आयडीला, म्हणजे कोसळलेल्या थ्रेडच्या क्रमांकाला, २ ने भागा: ६ किंवा ७ असेल तर कोर ३. कर्व्ह ऑप्टिमायझरमधला त्याच कोरचा आकडा ५ ने सौम्य करा, म्हणजे उणे २० चा उणे १५. बाकीच्यांना हात लावू नका.

कारण असं: सगळे कोर राबत असतात तेव्हा वीजमर्यादा वेग खाली धरते. हलक्या कामात एकटाच कोर ४.७ च्या आसपास उडी घेतो आणि कमी केलेलं व्होल्टेज तिथे अपुरं पडतं. म्हणून सिनेबेंचवर विसंबू नका. कोरसायकलर हा प्रोग्राम लावा, तो एकेक कोर वेगळा तपासतो. रात्रभर चालवा. १८ ची नोंद कधी कधी होतच नाही, तेव्हाही दोषी कोर यातूनच सापडतो. एएमडीच्या रायझन मास्टर ॲपमध्ये चांदणी असलेला, म्हणजे सर्वांत चांगला, कोर मुळातच कमी व्होल्टेजवर असतो. त्याला सुरुवातीला उणे ५ पुरे.

हे सगळं यूपीएसवरच करा, नाहीतर लाईटचा घोळ मिटणार नाही.

पंख्याचे फेरे दुप्पट केले की आवाज सुमारे १५ डेसिबलने चढतो, म्हणून ७० अंशांपर्यंत फॅन कर्व्ह सपाट ठेवा. खोली १० अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच तापतो. बेळगावच्या डिसेंबरात जमवलेला फॅन कर्व्ह अथणीच्या एप्रिलमध्ये पुन्हा तपासा.

आणि वीजबिल: ६० वॅट जादा, रोज ८ तास, म्हणजे महिन्याला १४-१५ युनिट. कर्नाटकच्या गृहज्योती या मोफत वीज योजनेत २०० युनिट ओलांडले की पूर्ण बिल भरावं लागतं. तुमचं घर १९० च्या आसपास असेल, तर आधी पीपीटी खाली आणा.